सव्वा हात पाणी

बिडाचा टब घेताना आधी त्याच्या कडेवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघावी. पत्र्याचा असला तर तेलाच्या डब्यासारखा लगेच बोलतो. बिडाचा असला तर आवाज आत जातो, जरा थांबतो आणि मग येतो, रिकाम्या थिएटरात टाकलेलं वाक्य मागच्या भिंतीला लागून यावं तसा. मग टब उजेडाकडे तोंड करून ठेवावा आणि इनॅमलवरून सावकाश तळहात फिरवावा. डोळ्याला न दिसणारा सुईएवढा खड्डा तळहाताला लागतो. त्या खड्ड्यातून पाणी बिडापर्यंत पोचलं की तांबडा डाग उमटतो, आणि मग तो कशानंही जात नाही.

ही विद्या मला यूनुस होडेकरनं दिली. माझं कुवेतमधलं सगळं पोट तिच्यावर भरलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे. दुसरं कुणी लिहिणार नाही. आपल्या हातून लिहिण्यासारखं काही झालं असं त्याला स्वतःलाही वाटलं नसतं.

मी कुवेतला गेलो १९५५ साली. आमची नाटक कंपनी मोडली होती. पडदे एका मांडववाल्यानं उचलून नेले, आणि राजपुत्रांची कामं करणारा मी, म्हसळ्याचा अशरफ, एका गाववाल्याच्या ओळखीनं आगबोटीत चढलो. कुवेत शहरात नव्या रस्त्यावर अबू यूसुफ नावाच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. नळ, पाइप, बेसिन, कमोड आणि विलायतेहून येणारे बिडाचे टब. अबू यूसुफची तरुणपणची वर्षं मुंबईत मोत्यांच्या व्यापारात गेली होती, त्यामुळे तो मुंबईचं हिंदी अगदी नळबाजारातल्या माणसासारखं बोले. आम्ही सगळे नोकर त्याला अरबाब म्हणत असू, म्हणजे मालक. त्यानं माझा आवाज ऐकला आणि मला विक्रीला उभं केलं.

ते दिवसच तसे होते. तेलाचा पैसा घराघरांत शिरत होता. मातीची घरं पाडून लोक सिमेंटचे बंगले बांधत होते. ज्यांच्या बापांनी गोडं पाणी होडीतून येताना पाहिलं आणि डब्याडब्यानं विकत घेतलं, ते आता आमच्या दुकानात येऊन टबाभोवती फिरत आणि विचारत, यात माणसानं बसायचं कसं? मी बूट काढायचो आणि कोट-टायसकट टबात आडवा व्हायचो, डोळे मिटायचो, एक लांब सुस्कारा सोडायचो. गिऱ्हाईक हसायचं आणि बहुतेक वेळा टब घ्यायचं. राजपुत्राच्या मरणाच्या प्रवेशाला मला जेवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या तेवढे टब मी त्या सुस्काऱ्यावर विकले.

पण विकणं सोपं. बसवणं यूनुसकडे होतं.

यूनुस बाणकोट खाडीच्या काठचा. अंगानं काटक, मान पुढे काढून चालणारा, कानावर पेन्सिल. बिडाचा टब चार माणसांना भारी होतो आणि सहा माणसं जिन्यात मावत नाहीत, त्यामुळे टब वर नेणं हीच एक लढाई असे. इराणी हमाल दोर लावून ओढत आणि यूनुस खालून खांदा देत अखंड बोलत असे, शिव्या आणि बिस्मिल्ला एकाच श्वासात. टब जागेवर आला की मात्र तो गप्प होई. आत गोणपाट अंथरायचा, म्हणजे हातातला पाना पडला तरी इनॅमल उडू नये. स्वतः अनवाणी. चारी कडांवर पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, लावून बघायचा, पाय वरखाली करायचा, परत बघायचा. मग टब काठोकाठ भरायचा आणि तसाच रात्रभर ठेवायचा. "वजन बसू दे," म्हणायचा. "रिकामा टब खोटं बोलतो, अशरफभाई. भरला की खरं काय ते कळतं." सकाळी पुन्हा पाणसळ, आणि मगच भिंतीकडची फट बुजवायची.

टब बसला की त्याचा दुसरा धंदा सुरू होई, घरातल्या मोलकरणींना शिकवण्याचा. तिथल्या बायका भांडी वाळूनं घासत. नव्याकोऱ्या टबालाही त्या मूठभर वाळू घेऊन भिडत. यूनुस आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत हात जोडून सांगे, वाळू नको, लिंबू नको, साबण आणि मऊ फडकं. आणि न्हाऊन झालं की कोरडा पुसा, नाहीतर खाऱ्या पाण्याचा थर धरेल. वर्षातून एकदा तो घरोघरी फिरून बुचाचं रबर बदले आणि कुठे टवका उडाला असला तर तिथे रंग भरून ठेवी. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही त्याला मापवाला म्हणत असू. भाताचं पाणीसुद्धा तो बोटाच्या पेरानं मापून घालायचा. त्याचे वडील गावच्या मशिदीत वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, हौदाची देखभाल करत. आम्ही कोकणी लोक शाफई पंथाचे. आमच्यात पाणी पाक राहायचं तर ते ठरलेल्या मापापेक्षा कमी असून चालत नाही, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. सव्वा हात लांब, सव्वा हात रुंद, सव्वा हात खोल अशा हौदात मावेल तेवढं. त्याहून कमी पाण्यात कुणी उतरून आंघोळ केली तर ते पाणी वापरलेलं झालं, त्यानं शुद्धी होत नाही. आलिमांच्या पुस्तकात याला फाटे पुष्कळ असतील, पण गावात एवढंच माप चालतं. यूनुसच्या वडिलांनी ते माप मुलाच्या हातावर घेऊन शिकवलं होतं. कुवेतमधल्या बहुतेक लोकांचा पंथ वेगळा, मालिकी. त्यांच्याकडे या मापाला काही महत्त्व नाही.

यूनुसच्या बोलण्यात दोनच विषय असत, टब आणि झुलेखा. झुलेखा त्याची बायको. लग्न झालं आणि दोन महिन्यांत तो बोटीवर चढला. त्यानंतर दोन रजा. मूल नाही. गावच्या बायका झुलेखाला विचारत, औषध घेतेस का, दर्ग्याला जाऊन आलीस का.

"आता मना सांगा," यूनुस माझ्या बायकोला, बिल्कीसला, म्हणायचा, "मी हतं, ती ततं. औषध कुणी घ्यायचं? बोटीनं?"

बिल्कीस म्हणायची, "तुम्ही आणा तिला हकडे. खोली बघा."

खोलीचीच तर अडचण होती. यूनुस दुकानाच्या गोदामात खोक्यांच्या मागे इतर गड्यांबरोबर झोपायचा. बायको आणायची तर अरबाबची सही लागे, आणि राहायला जागा आहे हे दाखवावं लागे. आम्ही दोघं मिर्गाबमध्ये एका मातीच्या घरात दीड खोलीत राहत होतो, आणि तीसुद्धा बिल्कीसनं भांडून मिळवलेली.

१९५८च्या हिवाळ्यात अबू यूसुफनं सालमियाला समुद्राजवळ स्वतःचा बंगला बांधायला काढला. त्याच्या आईचे गुडघे धरले होते. डॉक्टरनं तिला रोज गरम पाण्यात बसायला सांगितलं, आणि म्हातारी वरच्या मजल्यावर समुद्राच्या वाऱ्याला राहणार म्हणून हटून बसली. तिच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि त्यात आमच्या दुकानातला सगळ्यात मोठा टब, असं ठरलं. टब मी आणि यूनुसनं मिळून निवडला. सात खोकी उघडून घेतली त्यानं. प्रत्येकावर टकटक, प्रत्येकावर तळहात. अबू यूसुफ मागे उभा राहून बघत होता.

"मेरी माँ के लिए है," तो म्हणाला. "कुछ गड़बड़ नहीं होना."

"नाही होणार, अरबाब," यूनुस म्हणाला.

"और सुन. पीछे आँगन में एक कमरा बनता है. तू उधर रह. घर का नल-पानी तू देख. बीवी को बुला ले, मैं साइन देता."

यूनुसनं माझ्याकडे पाहिलं. खरंच आपल्यालाच बोलला का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्या दिवशी त्यानं गोदामातल्या सगळ्यांना खजूर वाटले.

परवानगीचा कागद झाला. झुलेखाचं तिकीट झालं. यूनुस रोज संध्याकाळी सालमियाला जाऊन मागच्या अंगणातल्या त्या खोलीच्या भिंतींवर पाणी मारून येई. सिमेंट पक्कं होऊ दे, म्हणायचा. वरचा टबही त्यानं त्याच आठवड्यात बसवला.

आता त्या टबाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक टबाला काठाच्या थोडं खाली एक भोक असतं. नळ चुकून चालू राहिला तर जादा पाणी त्या भोकातून नळीत जातं आणि टब कधी काठावरून वाहत नाही. त्या न्हाणीघराला हे भोक फार गरजेचं होतं, कारण नकाशा विलायती होता आणि संगमरवरी फरशीला मोरीच ठेवलेली नव्हती. खाली बरोबर दिवाणिया होती, म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली. तिच्या छताला बैरूतहून आणलेल्या कारागिरानं प्लास्टरची वेलबुट्टी केली होती.

यूनुसनं टब भरला, आपला हात पाण्यात घालून लांबी, रुंदी, खोली घेतली आणि एकूण पाण्याचा हिशेब केला. भोकापर्यंतचं पाणी सव्वा हाताच्या मापाला कमी पडत होतं. काठोकाठ भरला तर जेमतेम पुरत होतं.

एवढ्या मोठ्या घरची म्हातारी, हज करून आलेली, पाच वेळची नमाजी. ती रोज या पाण्यात बसणार, यातच आंघोळ उरकणार, तशीच जाऊन नमाज पढणार. आणि पाणी मापाला कमी. टब बसवणारा कोण? यूनुस. मग हे कुणाच्या मानेवर? त्यानं कुणाला विचारलं नाही. मला नाही, अरबाबला नाही. पितळेची एक गोल चकती कापली, खाली रबर घातलं आणि भोक बंद करून टाकलं. काम इतकं सुबक की चकती टबाबरोबरच आली असं वाटावं. लैला नावाची मोलकरीण होती, तिला काठ दाखवून त्यानं सांगितलं, पाणी इथपर्यंत आलं की नळ बंद, आणि अम्मा उतरताना बाहेर येईल ते फडक्यानं लगेच टिपायचं. लैलानं दोन महिने नीट केलं. म्हातारीचे गुडघे हलके झाले. ती वरून ओरडून यूनुसला दुवा द्यायची, आणि तो खाली अंगणात मान खाली घालून उभा राहायचा.

झुलेखाची बोट मुंबईहून सुटली त्याच आठवड्यातली गोष्ट. गच्चीवरची टाकी टँकरनं भरत. त्या दिवशी टँकर आला नाही. दुपारी लैलानं टबाला बूच लावलं, नळ सोडला, दोन-चार थेंब पडले आणि पाणी गेलं. म्हातारी म्हणाली, राहू दे, मी पडते जरा. लैला खाली गेली. नळ उघडाच राहिला. पाणी गेलेल्या घरात उघडा नळ कुणाच्या लक्षात राहतो? असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजच्या सुमाराला टँकर आला, टाकी भरली, आणि वर बंद दाराआड टब भरू लागला.

दिवाणियात तेव्हा बैठक भरली होती. शहरातले जुने व्यापारी, अबू यूसुफचा व्याही, एक-दोन सरकारी माणसं. आधी छतातून एक थेंब कॉफीच्या ट्रेमध्ये पडला. मग वेलबुट्टीचा एक मोठा तुकडा, भिजून जड झालेला, सरळ मधोमध. कुणाला लागलं नाही. पण व्याह्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर चुन्याचा लगदा आणि डोक्यावरून पाणी.

अबू यूसुफ स्वतः वर गेला. हातानं काम करणारा फिटर नव्हता तो, पण टब तो रोज विकत होता. भोकाच्या जागी चकती बघून त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं मोटार पाठवून दुकानातून आम्हा दोघांना बोलावलं.

वाटेत ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. यूनुसच्या ओठांवरचा रंग उडाला. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"ऐक. टब विलायतेहूनच तसा आला, एवढंच बोल. पुढचं माझ्यावर सोड. मी सांगतो, खोकं मी उघडलं होतं."

"तसा नव्हता आला."

"मला ठाऊक आहे नव्हता. त्याला काय ठाऊक?"

"म्हणजे बायचं पाणी पाक राहावं म्हणून भोक बुजवायचं, आणि वर खोटं बोलायचं?" तो म्हणाला. "मग पाकी राहिली कुठं, अशरफभाई?"

"झुलेखा बोटीत आहे, यूनुस."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मला वाटलं, समजला.

दिवाणियात लोक अजून होते. भिजलेला गालिचा गुंडाळून बाजूला उभा केला होता आणि ते भिंतीकडेच्या गाद्यांवर, जणू काही झालंच नाही असे, कॉफी पीत होते. मी आयुष्यात पुष्कळ भरलेली थिएटरं पाहिली. प्रेक्षक आपल्याकडे बघत नाहीत असं दाखवतात तेव्हा ते सगळ्यात जास्त ऐकत असतात.

"वो छेद किसने बंद किया?" अबू यूसुफनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी, अरबाब. मैंने."

"क्यों?"

इथे नुसतं 'चूक झाली' म्हणायचं होतं. मी मागून त्याचा सदरा ओढलासुद्धा. पण यूनुसला कुणी कामाबद्दल विचारलं की तो पूर्ण उत्तर द्यायचा. त्यानं हात पुढे केला, कोपरापासून बोटांपर्यंतचं माप दाखवलं, आणि त्या सगळ्या पुरुषांसमोर, आपल्या खराब हिंदीत, मधेमधे अरबी शब्द घालून, समजावून सांगितलं. भोकापर्यंत पाणी कमी पडतं. तेवढ्या पाण्यात उतरून अम्मांची गुसल, म्हणजे शुद्धीची आंघोळ, होणार नाही. काठापर्यंत भरलं तर होईल. म्हणून.

सगळे आपापल्या पेल्यांत बघू लागले. व्याह्यानं खोकल्यासारखं केलं. एका तरुणाच्या तोंडावर हसू आलं, आणि ते अबू यूसुफनं पाहिलं.

"मेरी माँ का गुस्ल," तो अगदी हळू म्हणाला, "तूने नापा?"

"अरबाब, हमारे में..."

"तेरे को किसने बोला मेरी माँ कैसे नहाती है, कितने पानी में नहाती है? तू सोचता बैठता है ये?"

मग यूनुसला कळलं. छत पडलं ते अबू यूसुफनं गिळलं असतं. पैसेवाला माणूस, दुसरं केलं असतं. पण घरची बाई पाण्यात किती बुडते याचा हिशेब एका परक्या पुरुषानं केला, आणि तो चारचौघांत हात लांब करून दाखवला, हे त्याला गिळता येणार नव्हतं. मी मधे पडलो, माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणालो, "अरबाब, आदमी नेक है." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यानं मला बोलावलं. "उसकी औरत नहीं आएगी. कमरा ड्रायव्हर को दिया."

"ती बोटीत बसली, अरबाब."

"तो बोट में वापस जाएगी."

"आणि यूनुस?"

"वो काम करेगा. काम अच्छा करता है."

त्याला काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

झुलेखा उतरली. लाँचमधून धक्क्यावर पाय ठेवताना तिनं एका हातानं बुरखा सावरला होता आणि दुसऱ्या हातात चादरीत बांधलेल्या दोन नव्या उशा. गावच्या सावरीचा कापूस, स्वतः भरलेल्या. खोलीत लागतील म्हणून. ठेंगणी, सावळी, डोळे मोठे आणि बघणं सरळ. यूनुसनं तिला धक्क्यावर काही सांगितलं नाही. आमच्या घरी येऊन तिनं भिंती पाहिल्या, आमची ट्रंक पाहिली, बिल्कीसचे कपडे दोरीवर पाहिले.

"ही तर तुमची खोली, भाबी."

बिल्कीसनंच तिला सांगितलं. बोट बसऱ्याला जाऊन परत येईपर्यंत तिला राहता येणार होतं.

ते दिवस ती आमच्याकडे राहिली. मी आणि बिल्कीस रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून समुद्राकडे जायचो, की त्या दोघांना खोली मिळावी. समुद्रावर करायचं काय? होड्या मोजायच्या, शेंगदाणे खायचे. बिल्कीस म्हणायची, आता बोलली असतील. मी म्हणायचो, अजून थोडं थांब. परत यावं तर यूनुस दाराशी बसलेला, झुलेखा आत तांदूळ निवडत असलेली, दिवा न लावता. आमच्याकडे तांदळात एवढे खडे नव्हते.

एक दिवस ती मला म्हणाली, "अशरफभाई, मना तो टब बघायचाय."

"तो बंगल्यात आहे, झुलेखा. तिथं नाही जाता येणार."

"तसलाच दुसरा असेल ना दुकानात."

शुक्रवारी दुकान बंद असतं. किल्ली माझ्याकडे होती. आम्ही चौघं गेलो. अर्धं शटर वर केलं आणि तिला आत नेलं. ती त्या पांढऱ्या टबापाशी उभी राहिली. यूनुसनं तिच्यासाठी कडेवर टकटक केली, तो खोल आवाज तिला ऐकवला. त्याला वाटलं असावं, टब पाहिला, आवाज ऐकला, की तिला समजेल. तिनं आत वाकून पाहिलं.

"एवढाच?" ती म्हणाली.

"आत पुष्कळ पाणी मावतं," यूनुस म्हणाला.

"ते तुमाला ठाऊक. तुमी मापलंत." ती सरळ उभी राहिली. "आपल्या बावडीचं पाणी शिमग्यापासून खारट होतं. माडाच्या झापांच्या आडोशाला मी न्हाते, दोन तांबे. वरच्या वाटेनं माणूस आला की खाली बसते. किती वरसं झाली? माझं पाणी कधी मापलंत?"

यूनुस टबाच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"दुसऱ्याच्या आईची नमाज सांभाळलीत," ती म्हणाली. "बरं केलंत. तिची दुवा लागेल तुमाला. माझी नका मागू."

बिल्कीसनं तिचा हात धरला आणि बाहेर नेलं. मी शटर खाली ओढलं. त्या दिवशी झुलेखाला आणि बिल्कीसला समुद्रावर शेंगदाणे खायला यूनुस घेऊन गेला, आणि मी किल्ली घेऊन घरी आलो.

बोट आली तशी झुलेखा गेली. जाताना एक उशी घेऊन गेली, एक आमच्याकडे ठेवली. कुणाची, ते बोलली नाही. ती यूनुसनं गोदामात नेली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण ती गेली. कुवेतमध्ये चालणारा रुपया जाऊन दिनार आला. धक्का नवा झाला, बंगले वाढले, आमच्या दुकानाला दुसरी शाखा झाली. यूनुस टब बसवत राहिला. तो आता कमी बोलायचा. जिन्यातल्या शिव्यासुद्धा गेल्या. नुसती बिस्मिल्ला राहिली, आणि तीही मनात. रजेवर जायचा, महिनाभर राहायचा, यायचा. मूल झालं नाही. कुणी नव्या फिटरनं मापवाला म्हटलं तर तो हातातलं काम खाली ठेवून त्याच्याकडे बघत राही, आणि तो पोरगा पुन्हा तसं म्हणत नसे.

१९६६ साली अबू यूसुफची आई गेली. शेवटपर्यंत ती त्या टबात बसत होती. भोक कधीच परत उघडलं होतं. दुखवट्याचे दिवस संपल्यावर एक दिवस अबू यूसुफ दुकानात आला, बराच वेळ माझ्या टेबलाशी बसला, मग यूनुसला हाक मारली.

"माँ तेरे को याद करती थी. बोलती थी, वो लड़का किधर गया." त्यानं हातातल्या जपमाळेचे मणी ओढले. "पीछे का कमरा खाली है. बुला ले बीवी को. मैं साइन देता."

यूनुस रजा काढून तिला आणायला गेला. जाण्याआधी त्यानं त्या खोलीला चुना लावला. बिल्कीसनं पडदे शिवले. मी आमच्या ओळखीच्या एका सुताराकडून रुंद पलंग करून घेतला आणि यूनुसला पैसे देऊ दिले नाहीत.

तो एकटा परत आला. मी विमानतळावर गेलो होतो. त्याच्या मागून उतरणाऱ्या बायकांकडे मी बघत राहिलो, तेव्हा तोच म्हणाला, "नका बघू. नाय आली."

मोटारीत बसल्यावर त्यानं सांगितलं. सांगताना तो खिडकीतून बाहेर बघत होता. "बावडीवर पंप बसवलाय तिनं. माझ्याच पैशांतून. न्हाणी बांधलीय, पक्की, कडीची. बायकांचे कपडे शिवते. मी म्हटलं, चल, खोली मिळाली. तर म्हणते, मूल व्हायचं वय गेलं, आता ततं येऊन कुणासाठी रांधू? मी म्हटलं, माझ्यासाठी. तर म्हणते, तुमाला रांधता येतं. बारा वरसं रांधताय."

"रागावून म्हणाली?"

"नाय हो. राग असता तर समजूत घातली असती मी. पिठाचे हात होते, भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली."

"मग आता?"

"म्हणाली, एकदा कुणाच्या सहीनं आले, कुणाच्या सहीनं परत गेले. आता माझ्या दाराला कडी हाय, ती मी लावते, मी काढते."

खोली त्यानं घेतली. अरबाबनं दिली, नको कसं म्हणायचं, म्हणाला. त्या रुंद पलंगावर एका बाजूला झोपायचा, दुसऱ्या बाजूला हत्यारं आणि रबराची बुचं ठेवायचा. बिल्कीस दर शुक्रवारी त्याला डबा पाठवायची. डबा घासून, पुसून, कोरडा करून परत यायचा.

एक-दोन महिन्यांनी अबू यूसुफच्या लक्षात आलं. दुकानात त्यानं मला विचारलं, "यूनुस की बीवी आई नहीं?"

"नहीं, अरबाब."

"क्यों? मैंने तो माफ कर दिया था."

"आपने किया," मी म्हणालो. "उसने नहीं किया."

त्यानं जपमाळ खिशात टाकली. मग त्यानं विचारलं, नव्या मालाची खोकी उघडली का, आणि मी म्हटलं, यूनुस उघडतो आहे.